नऊ मिनिटांचा ऑपेरा आणि नाशिकचे दोन नाटककार

तारीख १७ जुलै १९२७. जर्मनीत बाडेन-बाडेन नावाचं एक गाव आहे, गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध. श्रीमंत लोकांनी तिथे यावं, पाण्यात डुंबावं, संध्याकाळी बागेत बँड ऐकावा असं एकूण निवांत प्रकरण. त्या संध्याकाळी तिथल्या संगीत महोत्सवात एकामागून एक चार ऑपेरा झाले. चार! ऑपेरा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर येतं ते म्हणजे तीन-चार तास, शंभर वादक, झुंबरं आणि भरदार आवाजाच्या बाई. इथे दारियस मियो या फ्रेंच माणसाचा ऑपेरा होता साधारण नऊ मिनिटांचा. आपल्याकडे एवढ्या वेळात ख्यालाची अस्थाईसुद्धा नीट मांडून होत नाही.

दुसरा ऑपेरा पाउल हिंडेमिट या संगीतकाराचा, जेमतेम बारा मिनिटांचा. ही गोष्ट आपल्या क्षेत्रातल्या लोकांना फार आवडावी. नवरा घरी येतो, बायकोला प्रियकराचं पत्र आल्याचं त्याला कळतं, तो तिला गोळी घालतो आणि खिडकीतून उडी मारतो. मग एक साधू अवतरतो आणि सांगतो, की वरून पाहिलं तर गोष्ट पुढे गेली काय आणि मागे गेली काय, फरक पडत नाही. आणि तिथून नाटक उलटं चालायला लागतं! मेलेली बायको उठते, पत्र परत जातं, शेवट म्हणजे पुन्हा सुरुवात. थोडक्यात, रंगमंचावर कंट्रोल झेड. तेही १९२७ मध्ये.

तिसरा होता अर्न्स्ट टॉख यांचा, राजकन्या आणि वाटाण्याच्या परीकथेवरचा. आणि चौथा? रंगमंचावर चक्क बॉक्सिंगची रिंग, सहा गायक, छोटासा वाद्यवृंद, मागे पडद्यावर चित्रं. संगीत कुर्ट वाइल, शब्द बर्टोल्ट ब्रेख्त. नाव 'महागोनी'. वेळ अर्ध्या तासाच्या आसपास. प्रेक्षकांत काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींनी शिट्ट्या मारून निषेध केला. असं होणार हे ब्रेख्तला ठाऊक होतंच, त्यामुळे त्याने नटांना आधीच शिट्ट्या वाटून ठेवल्या होत्या. नटांनीही उलट शिट्ट्या मारल्या!

आता तुम्ही म्हणाल, याचा नाशिकशी काय संबंध? आहे, जरा धीर धरा.

हा महोत्सव सुरू झाला होता १९२१ साली, डोनाउएशिंगेन नावाच्या छोट्या गावात, एका सरदार घराण्याच्या आश्रयाने. हेतू साधा होता. तरुण संगीतकारांनी काहीतरी नवीन लिहावं आणि ते वाजवून बघावं. वादक कमी, कारण पैसे कमी. पण कमी पैशांतून एक मोठी गोष्ट साधली. फसलं तर फार नुकसान नाही! नऊ मिनिटांचा ऑपेरा पडला तर नऊ मिनिटं वाया गेली, कंपनी बुडली नाही. आपण ज्याला प्रोटोटाइप म्हणतो, तो हा.

आणि या प्रोटोटाइपचं पुढे काय झालं? वाइल आणि ब्रेख्त यांनी पुढच्याच वर्षी, ३१ ऑगस्ट १९२८ ला, बर्लिनमध्ये 'थ्री पेनी ऑपेरा' आणला. मूळ कथा जॉन गे यांच्या १७२८ सालच्या इंग्रजी 'बेगर्स ऑपेरा'ची. वादक फक्त सात. जगभर गाजला. आणि बरोबर पन्नास वर्षांनी, १९७८ मध्ये, तो मराठीत आला. पु. ल. देशपांडे यांचा 'तीन पैशाचा तमाशा'. (पु.ल.प्रेमींनी कान टवकारले असतील तर आता पुढे जाऊ.)

आपल्याकडचा ऑपेरा

मराठी माणसाला ऑपेरा परका वाटतो हे मला नेहमी गमतीचं वाटतं, कारण आपल्याकडे तो १८८० पासून आहे. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक केले. त्यांना ही कल्पना पारशी कंपनीचं 'इंद्रसभा' बघून सुचली असं सांगतात. पूर्ण नाटकात पदं किती, तर दोनशेच्या आसपास! आजच्या सिनेमात पाच गाणी असली तर आपण घड्याळ बघतो.

पुढची चाळीस वर्षं म्हणजे सुवर्णकाळ. १९११ चं 'मानापमान' गोविंदराव टेंब्यांच्या चालींचं, १९१६ चं 'स्वयंवर' भास्करबुवा बखल्यांच्या चालींचं. बालगंधर्वांच्या साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष. वन्समोअर घेत घेत पहाट व्हायची. गाणं मोठं होत गेलं आणि नाटक हळूहळू गाण्याच्या मधली मोकळी जागा होऊन बसलं.

नाशिक या नकाशावर होतंच. २१ डिसेंबर १९०९ ला इथल्या विजयानंद थिएटरात किर्लोस्कर मंडळींच्या 'शारदा'चा प्रयोग होता, कलेक्टर जॅक्सनच्या निरोपानिमित्त. तिथेच अनंत कान्हेरेने जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. शाळेच्या इतिहासात ही घटना आपण सगळ्यांनी वाचली आहे. पण एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. कलेक्टरला निरोप द्यायचा तर संगीत नाटक लावायचं, हे तेव्हाच्या नाशिककरांना अगदी स्वाभाविक वाटत होतं. आज एखाद्या अधिकाऱ्याच्या निरोपाला आपण काय ठेवतो? बुफे.

मग १९३१-३२ मध्ये बोलपट आला आणि नाटक कंपन्यांची घरं पडायला लागली. जे गाणं ऐकायला लोक रात्रभर बसायचे, ते आता काही आण्यांत पडद्यावर मिळत होतं. याच पडझडीत १ जुलै १९३३ ला मुंबईत 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' केलं. नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावर बेतलेलं, दिग्दर्शक के. नारायण काळे, संगीत केशवराव भोळे. गाणी मोजकी, तीही प्रसंगात बसणारी, आणि स्त्रीच्या भूमिकेत ज्योत्स्नाबाई भोळे, म्हणजे खरोखरची स्त्री. आपला पहिला 'कमी वादक, कमी गाणी, जास्त नाटक' हा प्रयोग म्हणता येईल तो हाच. मात्र संस्था फार काळ टिकली नाही. या लेखात हे वाक्य पुन्हा पुन्हा येणार आहे, सवय करून घ्या.

१९६४ ते १९६६

आता नाशिक. कॉलेज रोडवरून जाताना एचपीटी कॉलेज लागतं. याच कॉलेजातून वि. वा. शिरवाडकर, म्हणजे कुसुमाग्रज, शिकले. याच कॉलेजात वसंत कानेटकर इंग्रजी शिकवत. कानेटकरांचे वडील कवी गिरीश, रविकिरण मंडळातले. म्हणजे कविता घरातलीच. दिवसा शेक्सपिअर शिकवायचा आणि उरलेल्या वेळात नाटक लिहायचं. 'वेड्याचं घर उन्हात' १९५७ चं, 'रायगडाला जेव्हा जाग येते' १९६२ चं.

१ मे १९६४ ला 'मत्स्यगंधा' आलं. निर्मिती मुंबईच्या गोवा हिंदू असोसिएशनची, दिग्दर्शन मास्टर दत्तारामांचं, संगीत जितेंद्र अभिषेकी यांचं. रामदास कामत पराशर, आशालता वाबगावकर सत्यवती. दोन वर्षांनी, १९६६ मध्ये, शिरवाडकरांचं 'ययाति आणि देवयानी'. संगीत पुन्हा अभिषेकी. आणि त्याच वर्षी कानेटकरांचं 'लेकुरे उदंड जाली'. संगीत? बरोबर, अभिषेकी.

एका जिल्ह्याच्या गावात राहणारे दोन लेखक, एक संगीतकार, अडीच-तीन वर्षं, तीन संगीत नाटकं. आणि तिन्हींचं गाणं किर्लोस्करी वळणापेक्षा वेगळं. याला कोणी महोत्सव म्हटलं नाही. बॅनर नाही, स्मरणिका नाही, उद्घाटनाला मंत्री नाहीत. पण बाडेन-बाडेनमध्ये एका संध्याकाळी जे झालं, ते इथे तीन वर्षांत पसरून झालं असं मला वाटतं.

अभिषेकीबुवांनी नेमकं काय केलं? एक तर गाणं आटोपशीर केलं. नट थांबला, पेटीने सूर दिला, मग तो वीस मिनिटं गायला आणि तोवर समोरचं पात्र ताटकळत उभं, हे त्यांनी टाळलं. शास्त्रीय पाया पक्का, पण ताना कमी आणि शब्द स्वच्छ. गाणं संपताना गोष्ट पुढे सरकलेली असावी, हा हिशेब. बुवा मूळचे गोव्यातल्या मंगेशीचे, कीर्तन-भजन घरात ऐकत वाढलेले, नंतर आग्रा-जयपूर अशा निरनिराळ्या घराण्यांच्या गुरूंकडे शिकलेले आणि काही काळ मुंबई आकाशवाणीत नोकरीला.

आकाशवाणीचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. रेडिओवर तेव्हा 'संगीतिका' नावाचा प्रकार होत असे. म्हणजे सगळी गोष्ट गाण्यातून, नेपथ्य शून्य, वेळ ठरलेला. छोटेखानी ऑपेराच की! मंगेश पाडगावकरांची 'बिल्हण' ही संगीतिका, तिला संगीत पु.लं.चं आणि त्यात गायले अभिषेकी. तिच्यातली गाणी आजही भावगीत म्हणून मैफलीत ऐकू येतात, पण ती एका संगीतिकेतली आहेत हे ऐकणाऱ्यांपैकी कितीजणांना माहीत असतं? घड्याळाकडे बघत गोष्ट गाण्यातून सांगायची शिस्त बुवांना या स्टुडिओत मिळाली असावी, असा माझा तर्क. आणि गंमत बघा, जर्मनीतला तो महोत्सव नाझी काळात भलत्याच वाटेला लागला आणि युद्धानंतर १९५० मध्ये डोनाउएशिंगेनमध्ये नव्याने उभा राहिला, तोही रेडिओच्याच पाठबळावर. प्रयोगाला सरदार मिळाला नाही तर रेडिओ लागतो. काहीतरी लागतंच.

'लेकुरे'चं पुढे काय झालं?

तिन्ही नाटकांत मला सर्वांत धाडसी वाटतं ते 'लेकुरे उदंड जाली'. 'मत्स्यगंधा' आणि 'ययाति' या महाभारतातल्या गोष्टी, तिथे पात्रं गायली तर कोणाला नवल वाटत नाही. ऋषी गाणारच. पण 'लेकुरे' आजच्या घरात घडतं. मूल नसलेलं एक जोडपं, वरून हसतंखेळतं, आत दुखरं. शीर्षक समर्थांच्या ओळीचं आणि गोष्ट नेमकी उलटी. आणि इथे माणसं बोलता बोलता गायला लागतात. संवादाला लय येते, लयीला सूर येतो, कधी आला ते कळत नाही. श्रीकांत मोघ्यांनी हे नाटक गाजवलं. म्हणजे पँट-शर्टातल्या माणसाने दिवाणखान्यात गाणं म्हणायचं आणि ते खोटं वाटू द्यायचं नाही. १९६६ मध्ये!

नाटक चाललं. लोकांना आवडलं. मग प्रश्न असा, की या वाटेने पुढे कोण गेलं?

जवळजवळ कोणीच नाही. 'मत्स्यगंधा'ची गाणी गायनस्पर्धांत पोचली, अजून आहेत. १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली'ने (दारव्हेकर, पुन्हा अभिषेकी, आणि वसंतराव देशपांडे) तर गाणं हाच नाटकाचा विषय केला आणि इतिहास घडवला. पण आजच्या घरातली, गात-बोलत सांगितलेली गोष्ट हा प्रकार तिथेच थांबला. पहिली आवृत्ती चांगली चालली आणि दुसरी कधी रिलीजच झाली नाही, असं काहीसं.

कारणं शोधायला गेलं तर पहिलं म्हणजे गाणारा नट. नुसता गायक चालत नाही, नुसता नट चालत नाही, दोन्ही एकाच माणसात लागतं. दुसरं म्हणजे हिशेब. दौऱ्याच्या बसमध्ये वादकांच्या जागा, त्यांची नाइट, त्यांचं जेवण, हे सगळं तिकिटातूनच वसूल करायचं. गद्य नाटकाला हा खर्च नाही. निर्मात्याने काय निवडावं? पण तिसरं कारण मला सगळ्यांत मोठं वाटतं. आपल्याकडे नऊ मिनिटांची जागा नव्हती. जे करायचं ते तीन अंकी, पूर्ण लांबीचं, हाउसफुल्लचा बोर्ड लागेल असं. नवीन संगीतकाराने हात साफ करायचा कुठे? थेट प्रॉडक्शन सर्व्हरवर?

आठवड्याला नोकरी, संध्याकाळी तालीम

गाणारं नाटक मेलं नाही, त्याने रस्ता बदलला. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर. गाणारी, नाचणारी माणसांची भिंत. हे गाणं बालगंधर्वांकडून आलेलं नव्हतं. ते खेळे, कीर्तन, लावणी असं बाजूच्या गल्लीतून आलं. वाद झाला, संस्थेने प्रयोग थांबवले. मग त्याच मुलांनी १९७३ मध्ये 'थिएटर अकॅडमी' काढली आणि १९८० मध्ये तेच नाटक युरोपला नेलं. १९७४ मध्ये सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण' आलं, त्यात मेलेला माणूस स्वतःच स्वतःच्या मरणाचं कीर्तन करतो. संगीत आनंद मोडक.

आणि मग १९७८, 'तीन पैशाचा तमाशा'. बाडेन-बाडेनच्या बॉक्सिंग रिंगमध्ये जी जोडी जमली, तिचं नाटक पुण्यात पोचलं. संगीतकार तीन: चंदावरकर, मोडक आणि नंदू भेंडे. नाट्यगीत, लावणी आणि रॉक एकाच संध्याकाळी, एकाच नाटकात. नंदू भेंडे त्याआधी मुंबईत इंग्रजी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ज्यूडास गाऊन आलेले. हा माणूस मराठी रंगमंचावर गुंड होऊन रॉक गातो, आणि शब्द पु.लं.चे! कोणालाही विचारा, अजून एवढं धाडस परत झालेलं दिसत नाही.

या सगळ्यांत एक समान धागा आहे आणि तो आपल्यासारख्यांनी बघावा असा आहे. ही बरीचशी मंडळी नोकरी-धंदा सांभाळून हे करत होती. जब्बार पटेल मुलांचे डॉक्टर, दौंडला प्रॅक्टिस. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. आळेकर बी. जे. मेडिकलमध्ये बायोकेमिस्ट्री शिकवत. कानेटकर प्राध्यापक. दिवसभर काम, संध्याकाळी तालीम. 'ऑफिसमधून वेळच मिळत नाही हो' हे वाक्य यांच्यापुढे उच्चारायला जरा अवघड जातं.

पण त्यांच्याकडे एक गोष्ट होती. जागा. पुण्यात भरत होतं. मुंबईत १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेचा हॉल होता, जिथे तुटपुंज्या पैशांत नाटक करता यायचं, आणि पडलं तरी दुसऱ्या आठवड्यात दुसरं उभं राहायचं. संगीताला मात्र अशी स्वतःची छबिलदास मिळाली नाही.

मग आता?

नाशिकमध्ये आज सभागृहं आहेत. कालिदास कलामंदिर आहे, सायखेडकर आहे, कुसुमाग्रज स्मारक आहे. पलुस्करांचा वारसा आहे. पं. विष्णु दिगंबरांनी इथे आश्रम काढला, द. वि. पलुस्करांचा जन्म १९२१ मध्ये इथलाच. शिकलेले गळे आहेत, गिटार आणि कीबोर्डवाली पोरं तर प्रत्येक सोसायटीत. महोत्सवही होतात. पण त्यात आपण काय ऐकतो? माहीत असलेलंच. 'अजरामर नाट्यगीते', 'आठवणीतली अमुक', 'तमुक यांना आदरांजली'. वाईट काही नाही त्यात, मी स्वतः आवडीने जातो. फक्त १९६४ मध्ये लोकांनी असंच केलं असतं, तर आज आदरांजली वाहायला 'मत्स्यगंधा' नसतं.

दुसरी बाजूही आहे आणि ती खोडून काढणं सोपं नाही. मियोचा नऊ मिनिटांचा ऑपेरा आज जगात किती लोकांनी ऐकलाय? आणि 'मत्स्यगंधा'ची गाणी? तिकीटबारी हीच मराठी रंगभूमीची प्रयोगशाळा होती आणि तिने माल टिकाऊ दिला, असं कोणी म्हटलं तर मला मान्य आहे. पण मियोबरोबर त्या संध्याकाळी वाइलही होता. चारातला एक. बाकीचे तीन नसते तर ती संध्याकाळच झाली नसती, आणि ती झाली नसती तर 'तीन पैशाचा तमाशा'ही कदाचित नसता. चारपैकी कोणता चालणार हे आधी कोणालाच कळत नाही, म्हणून चारही करावे लागतात. आपण रोज टेस्टिंगमध्ये हेच तर करतो.

आपल्याकडे छोट्या लांबीची सवय नाही असंही नाही. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक आहे. कॉलेजची पोरं महिना-दीड महिना जीव तोडून एकांकिका बसवतात, आणि मराठीतले कितीतरी मोठे नट-लेखक तिथून आले. एकांकिकेला करंडक आहे, संगीतिकेला नाही. एवढाच फरक. चार वादक, तीन गाणारे नट, वीस मिनिटं, आजची गोष्ट. अंबड-सातपूरच्या शिफ्टची, पुण्याच्या सकाळच्या बसची, आईवडील इथे आणि मुलगा सिअॅटलला असलेल्या घराची. कुणी लिहिली आणि ती पडली, तर काय होईल? वीस मिनिटं वाया जातील, बस्स.

शिट्ट्या वाजतीलच. चार आपणही खिशात ठेवू.